दम धरू नका!

कन्नड तालुक्यातल्या आमच्या पिशोरला पोरांना पोहणे विहिरीने शिकविले. पाठीला पत्र्याचा रिकामा डबा बांधून थोरल्या भावाने आत ढकलून द्यावयाचे, एवढाच अभ्यासक्रम. डबा सुटला की पुढची परीक्षा तळाची माती आणण्याची. काठावर छातीभर श्वास घ्यावयाचा आणि वर येईतो सोडावयाचा नाही. पाण्यावर बुडबुडे दिसले की गडी हरला!

ही विद्या गाठीशी बांधून गेल्या दिवाळीच्या सुट्टीत पुतण्यासह मालवणास गेलो. पाठीला हवेचे नळकांडे लावून सिंधुदुर्ग किल्ल्याजवळच्या खडकांतले मासे पाहावयाचे होते. आदल्या रात्री मुक्कामावर बादलीत तोंड बुडवून मी त्याच्याकडून दम धरण्याचा सरावही करून घेतला. होडीत ही हुशारी सांगताच शिकविणारा मालवणी तरुण गंभीर झाला. "काका, इथे दम धरलात तर फुप्फुस फाटेल."

कारण साधे आहे. पाण्यात १० मीटर खाली दाब दुप्पट होतो. विहिरीत आपण काठावरची हवा नेतो. ती खाली आकसते आणि वर येताना पहिल्याइतकीच होते. नळकांड्यात आपली नेहमीचीच हवा दाबून भरलेली असते (पुष्कळांना तो प्राणवायू वाटतो), आणि ती मिळते खालच्या दाबाने. १० मीटरांवर छातीभर घेतलेला श्वास कोंडून वर आलात, तर तो दुप्पट जागा मागतो. छातीने ती कोठून द्यावी? दीड मीटर वर येण्यानेही इजा होऊ शकते. म्हणून श्वास अखंड चालू ठेवावयाचा आणि वर यावयाचे ते मिनिटाला ९ मीटरांहून सावकाश. कानांना दडे बसण्याआधीच नाक चिमटीत धरून हळूच हवा दाबावयाची. दुखले तर थोडे वर यावयाचे. अंगठा उंचावला तर 'छान' नव्हे, 'वर चला' असा अर्थ होतो! खरोखर शिकावयाचे असेल त्यांच्यासाठी तारकर्लीला पर्यटन महामंडळाचे प्रशिक्षण केंद्र आहे.

मग फॉर्म आला. दमा, हृदयविकार, फेफरे, कानाचे दुखणे, सर्दी. मला दोन दिवस सर्दी होती. पण पैसे भरलेले! मी 'नाही' लिहिले.

"काका, नाक चोंदलेला दिसता. खरा सांगा."

प्राध्यापकाची चोरी पकडली गेली. सर्दीने कानाची वाट बंद होते आणि पडदा फाटू शकतो, असे सांगून त्याने मला होडीतच बसविले. पुतण्याने उथळ पाण्यात नळीने श्वास घेण्याचा सराव केला आणि त्या तरुणाबरोबर खाली गेला.

मला ती बादली आठवली. घाबरला आणि जुन्या सवयीने दम धरला तर? मी पाण्यावर नजर लावून बसलो. एक बुडबुड्यांचा लोट आला. मग काही नाही. मी होडीच्या काठावर ओणवा झालो. पुन्हा लोट आला, पुन्हा आला. विहिरीवर ज्या बुडबुड्यांना आम्ही हसत होतो, ते मी एकेक करून मोजीत होतो.

वीस मिनिटांनी तो वर आला. "काका, केवढे मासे!" मी विचारले, "दम धरला होतास का रे?"

"एकदा धरणार होतो. त्या दादांनी माझ्या तोंडासमोर बोट हलविले."