शर्यतीआधीची घाई

ऑक्टोबरमधली पहाट. कन्हान नदीच्या पुलावर अजून पुरते उजाडलेले नसते. नागपूर-जबलपूर महामार्गावर ट्रकची ये-जा सुरूच असते आणि त्यांच्या कडेने हेल्मेट घातलेले चार-सहा सायकलस्वार कामठीकडून येऊन पूल ओलांडतात. कुणी कन्हानहूनच परत फिरतो, कुणी मनसरपर्यंत जातो, कुणी थेट रामटेक गाठतो. त्यांत वेकोलिच्या खाणीत पाळीवर जाणारा असतो, बँकेतला कारकून असतो, शाळेतला शिक्षक असतो. सायकल चालवण्याचे पैसे यांतल्या कुणालाच मिळत नाहीत. पावसाळा सरला की सायकलींचा हंगाम सुरू होतो. पहिली शर्यत तीन-चार आठवड्यांवर आलेली असते आणि पावसात बुडालेला सराव भरून काढायचा असतो.

नेमक्या याच आठवड्यांत शरीराच्या तक्रारी सुरू होतात. गुडघा दुखू लागतो, झोप उडते, अंग कसकसते. सराव कमी पडला म्हणून असे होते, अशी समजूत करून घेऊन स्वार आणखी जोर लावतो. पण हौशी सायकलस्वाराचे दुखणे कमी मेहनतीतून क्वचितच येते. ते बहुतेकदा घाईतून येते.

नागपूरला या खेळाचे अप्रूप आहे, त्यालाही कारण आहे. नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ साली ‘रेस अॅक्रॉस अमेरिका’ ही सुमारे ४,८०० किलोमीटरची शर्यत एकट्याने, १२ दिवसांच्या मुदतीत पूर्ण केली. त्याच वर्षी लेफ्टनंट कर्नल डॉ. श्रीनिवास गोकुलनाथ यांनीही ती एकट्याने पार केली. त्याआधी २०१५ मध्ये नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन हे बंधू दोघांच्या संघातून ती पूर्ण करून आले होते. हे चौघेही डॉक्टर, हा योगायोग मोठा बोलका आहे. एवढे अंतर कापणाऱ्याला शरीर कधी ऐकते आणि कधी ऐकत नाही, हे ओळखावेच लागते.

कन्हानच्या पुलावरून जाणाऱ्यांचे लक्ष्य त्या मानाने लहान असते. अनेकांची सुरुवात २०० किलोमीटरच्या ब्रेव्हेने होते. ही खरे तर शर्यत नव्हे. पहिला-दुसरा नंबर नसतो, साडेतेरा तासांत अंतर पूर्ण केले की झाले. हिशेब केला तर थांबे धरून ताशी १५ किलोमीटरचाही वेग लागत नाही. म्हणजे इथे वेगापेक्षा टिकून राहण्याची परीक्षा असते आणि टिकाऊपणा तीन आठवड्यांत येत नाही.

दम आधी, गुडघा मागून

सराव सुरू केल्यावर शरीराचे सगळे भाग सारख्या वेगाने तयार होत नाहीत. पहिल्या एक-दोन आठवड्यांतच रक्तातील द्रवाचे प्रमाण वाढते, हृदय एका ठोक्यात अधिक रक्त ढकलू लागते आणि पूर्वी धाप लागत होती तो चढ सोपा वाटतो. स्नायूंच्या पेशींत ऊर्जा तयार करणारी मायटोकॉन्ड्रिया आणि बारीक रक्तवाहिन्या वाढायला त्याहून अधिक आठवडे लागतात. सर्वांत मागे राहतात ते स्नायूंना हाडाशी जोडणारे कंडरे. त्यांना रक्तपुरवठा कमी असतो, त्यामुळे ते मजबूत व्हायला कित्येक महिने जातात.

फसगत होते ती इथेच. चौथ्या-पाचव्या आठवड्यात छाती म्हणते, ‘अजून चल’. गुडघ्याच्या वाटीखालचा कंडरा मात्र अजून तयार नसतो. दम टिकतो म्हणून स्वार अंतर एकदम दुप्पट करतो, रामटेकच्या गडाचा चढ जड गिअरवर उभा राहून चढतो आणि दुसऱ्या दिवशी जिना उतरताना गुडघा धरतो.

यावर उपाय साधे आहेत. आठवड्याचे एकूण अंतर मागच्या आठवड्यापेक्षा साधारण एक दशांशानेच वाढवावे आणि दर चौथा आठवडा हलका ठेवावा. हा ढोबळ नियम आहे, पण उपयोगी आहे. चढावर हलका गिअर घेऊन पायडलचे फेरे मिनिटाला ८०-९० राखले की गुडघ्यावरचा भार कमी होतो. सीटची उंचीही तपासावी. सीटवर बसून टाच सर्वांत खाली आलेल्या पायडलवर ठेवली असता पाय जेमतेम सरळ व्हावा. मग चवड्याने पायडल मारताना गुडघ्यात हवा तेवढा बाक आपोआप राहतो. सीट खाली असली की गुडघा पुढून दुखतो, फार वर असली की मागून. करंगळी आणि अनामिका बधिर होत असतील, तर तळहातातून जाणारी नस हँडलवर दाबली जात आहे, असे समजावे. पकड बदलत राहावी आणि गादी असलेले हातमोजे घालावेत.

दुसरी चूक म्हणजे रोजच शर्यत लावणे. नॉर्वेत काम करणारे शरीरशास्त्रज्ञ स्टीफन सायलर यांनी अव्वल खेळाडूंच्या सरावाच्या नोंदी अभ्यासल्या, तेव्हा त्यांची दहापैकी आठ सत्रे संथ गतीची निघाली. हौशी स्वाराचे उलटे असते. तो संथ जायच्या दिवशी मित्राच्या मागे धावतो आणि वेगात जायच्या दिवशी थकलेला असतो. संथ म्हणजे किती, हे मोजायला महागडे घड्याळ लागत नाही. सायकल चालवताना पूर्ण वाक्य न तोडता बोलता आले, की गती बरोबर आहे.

रात्रपाळी आणि झोप

सराव स्नायूला थकवतो, बळकट करते ती विश्रांती. दुरुस्तीचे बरेचसे काम झोपेत होते. कन्हान परिसरातल्या खाणींत किंवा कोराडी-खापरखेड्याच्या वीज केंद्रांत पाळीने काम करणाऱ्यांची अडचण हीच आहे. रात्रपाळी करून सकाळी आठला घरी येणारा माणूस थेट सायकल काढतो, तेव्हा झोपेचे कर्ज आधीच डोक्यावर असते. अशा वेळी महामार्गावर डोळा लागण्याचा धोका आहेच. शिवाय सततच्या अपुऱ्या झोपेने सर्दी-खोकल्यासारखे संसर्ग लवकर गाठतात. रात्रपाळीच्या आठवड्यात जोराचा सराव ठेवूच नये. आधी झोपावे, मग संध्याकाळी उजेड असताना तासभर संथ फेरी मारावी.

शरीर थकले आहे का, हे ओळखायची एक घरगुती खूण आहे. सकाळी जाग आल्यावर अंथरुणातच मिनिटभर नाडी मोजावी आणि वहीत लिहावी. नेहमीपेक्षा ती सात-दहा ठोक्यांनी जास्त भरली, तर शरीर अजून सावरलेले नाही किंवा आजार येऊ घातला आहे. त्या दिवशी सायकल घरात राहिलेली बरी.

ताप अंगावर काढू नये

या हंगामात सर्वांत जपायचे आहे ते तापाला. पावसाळा ओसरताना नागपूर जिल्ह्यात डेंग्यू आणि विषाणूजन्य तापाचे रुग्ण वाढतात. २०१८ च्या पावसाळ्यात इथे स्क्रब टायफसची साथही आली होती. गवतात, झुडपांत राहणाऱ्या माइट नावाच्या सूक्ष्म कीटकाच्या अळीच्या चाव्यातून हा आजार होतो. दम खायला रस्त्याकडेच्या गवतावर आडवे होणाऱ्या स्वारांनी हे ध्यानात ठेवावे. ताप आणि डोकेदुखीसोबत काखेत, जांघेत किंवा कमरेपाशी न दुखणारी काळी खपली दिसली, तर ती डॉक्टरांना आवर्जून दाखवावी. वेळेत निदान झाले तर साध्या प्रतिजैविकाने हा आजार बरा होतो. उशीर झाला तर तो फुप्फुसे आणि मूत्रपिंडांपर्यंत पोचतो.

क्रीडावैद्यकात मानेचा एक सोपा नियम सांगतात. त्रास मानेच्या वर असेल, म्हणजे नुसते नाक वाहत असेल, तर हलकी फेरी चालते. त्रास मानेच्या खाली उतरला, म्हणजे ताप, अंगदुखी, छातीत कफ, जुलाब असे काही असेल, तर सायकल बंद. याचे कारण गंभीर आहे. काही विषाणू हृदयाच्या स्नायूलाही सूज आणतात. अशा सुजलेल्या हृदयावर जोराच्या व्यायामाचा ताण पडला, तर ठोक्यांची लय बिघडून जीव जाऊ शकतो. ही सूज ठरल्यावर सहसा तीन ते सहा महिने शर्यतीचे नाव काढता येत नाही.

डेंग्यूची तऱ्हा आणखी फसवी. ताप उतरतो तेव्हा सुटलो असे वाटते, पण धोक्याचे दिवस बहुधा तेव्हाच सुरू होतात. प्लेटलेट कमी झालेल्या अवस्थेत सायकलवरून पडणे म्हणजे रक्तस्रावाला आमंत्रण. अंगदुखीसाठी अॅस्पिरिन, आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांपैकी काही स्वतःच्या मनाने घेऊ नये. डॉक्टरांनी सांगितलेल्या मात्रेत पॅरासिटामॉल पुरेसे असते. शर्यतीच्या सकाळी ‘दुखू नये म्हणून’ वेदनाशामक गोळी घेण्याची सवयही वाईट. पाणी कमी पडलेल्या शरीरात ती मूत्रपिंडाला इजा करू शकते.

साधा ताप येऊन गेला, तरी औषधाशिवाय दोन दिवस ताप नाही याची खात्री करावी आणि जितके दिवस ताप होता, निदान तितके दिवस संथच चालवावी. छातीत धडधड, चक्कर किंवा पूर्वी न लागणारी धाप जाणवली, तर थांबून ईसीजी काढावा.

तर्री-पोहे परतल्यावर

ऑक्टोबरच्या उन्हाला सरावायला शरीराला दहा ते चौदा दिवस लागतात. तोवर अंतर कमी ठेवावे. घाम किती जातो, हे वजनकाट्यावर कळते. निघण्यापूर्वी आणि परतल्यावर वजन करावे. एक किलो घट म्हणजे साधारण एक लिटर पाण्याची तूट. शरीराच्या वजनाच्या दोन टक्क्यांहून जास्त घट झाली, तर पिणे कमी पडले. उलट वजन वाढले असेल, तर पाणी गरजेपेक्षा जास्त झाले. नुसते साधे पाणी पीत राहिल्याने रक्तातील सोडियम घटते. मग डोके दुखते, मळमळते, भ्रम होतो आणि कधी झटकेही येतात. म्हणून तहानेप्रमाणे प्यावे. लांबच्या फेरीत एका बाटलीत लिंबू-साखर-मिठाचे सरबत किंवा पाकिटावर लिहिलेल्या प्रमाणात केलेले ओआरएस ठेवावे.

तासाभराच्या फेरीला वेगळे खाणे लागत नाही. त्यापुढे दर तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदके पोटात जायला हवीत. एक मध्यम केळे आणि थोडी चिक्की एवढ्यात ते भागते. तेलकट, तिखट तर्री-पोहे निघण्यापूर्वी खाल्ले, तर चढावर घशाशी येतात. ते परतल्यावर खावेत. घरी आल्यावर घट्ट वरण, दही, अंडी किंवा उसळ यांतून प्रथिने मिळाली, की महागड्या डब्याची गरज राहत नाही. शर्यतीच्या दिवशी नवा पदार्थ, नवे बूट, नवी सीट यांपैकी काहीही पहिल्यांदा वापरू नये.

हवा आणि धुके

पहाटेची हवा सर्वांत शुद्ध, ही समजूत थंडीत खरी ठरत नाही. गार, जड हवा जमिनीलगत साचते आणि धूर-धूळ तिच्यात अडकून राहते. कन्हानच्या आसपास कोळशाच्या खाणी, जवळच औष्णिक वीज केंद्रे आणि रस्त्यावर ट्रक. विश्रांतीत माणूस मिनिटाला सहा-आठ लिटर हवा घेतो. जोरात सायकल चालवताना तीच ६० लिटरच्या पुढे जाते, तीही नाकाची गाळणी टाळून तोंडाने. म्हणून ऊन थोडे वर आल्यावर निघावे, धुळीच्या पट्ट्यात वेग कमी ठेवावा आणि जोराचा सराव ट्रक नसलेल्या आतल्या रस्त्यावर करावा. दमा असलेल्याने पंप खिशात ठेवावा. डिसेंबरच्या धुक्यात पुढे-मागे दिवा आणि चमकणारे जाकीट नसेल, तर महामार्गावर जाऊच नये.

चाळिशीतले हृदय

सायकलीकडे वळणाऱ्यांत चाळिशी ओलांडलेले बरेच असतात. साखर किंवा रक्तदाब निघाला, म्हणून काहींनी सुरुवात केलेली असते. त्यांना सायकल हे औषधच आहे, पण औषधाला मात्रा असते. पस्तिशीनंतर व्यायाम करताना येणाऱ्या आकस्मिक मृत्यूंमागे बहुतेकदा हृदयाच्या रक्तवाहिन्यांतले अडथळे असतात. मधुमेह, रक्तदाब, तंबाखू किंवा घरात कमी वयात हृदयविकार असेल, तर शर्यतीचा सराव सुरू करण्यापूर्वी तपासणी करावी. विश्रांतीतला ईसीजी चांगला आला म्हणजे अडथळा नाहीच, असे नसते. गरजेनुसार डॉक्टर ट्रेडमिल चाचणी सुचवतात. चालवताना छातीत, जबड्यात किंवा डाव्या हातात दुखले आणि थांबल्यावर बरे वाटले, तर तो पित्ताचा त्रास समजून सोडून देऊ नये.

शेवटचे सात-दहा दिवस काही कमावण्याचे नसतात. या दिवसांत अंतर निम्म्यावर आणावे, अधूनमधून थोडा वेग घ्यावा आणि झोप पोटभर घ्यावी. बुडालेला सराव शेवटच्या आठवड्यात भरून निघत नाही.

पुलावरच्या त्या घोळक्यात परवाच ताप उतरलेला एखादा असतोच. शर्यतीचे पैसे भरलेले असतात, मित्र हाका मारत असतात आणि पाय अजून जड असतात. अशा वेळी त्याने कन्हानच्या पुलावरूनच सायकल वळवून घर गाठावे. ब्रेव्हे पुन्हा जानेवारीतही असते आणि रामटेकचा गड तिथेच उभा असतो.