तबकडीविना लॅपटॉपची नवी मांडणी

घरांतील एखादें भांडें फुटलें, तर तें टाकून देण्यांत कोणाला फारसें दुःख होत नाहीं. परंतु एखादी पेटी उघडेनाशी झाली, तर गृहस्थ ती भंगारांत घालीत नाहीं; कारण पेटीपेक्षां पेटींतील ऐवजाची किंमत अधिक असते. बंद पडलेल्या लहान लॅपटॉपची गोष्ट या दुसऱ्या प्रकारची आहे. २०२० सालच्या टाळेबंदींत शाळा घरीं आली, त्या वेळीं मुलांच्या अभ्यासासाठीं घेतलेला एखादा लॅपटॉप गोंदियांतल्या, आमगांवांतल्या किंवा तिरोड्यांतल्या घरीं आज कपाटावर धूळ खात पडलेला असावा, यांत नवल नाहीं. यंत्र सुरू केलें, कीं पडद्यावर कंपनीचें नांव उमटतें आणि त्यापुढें कांहीं घडत नाहीं. आंत मुलांचे दाखले असतात, शेताच्या सातबाऱ्याचे उतारे असतात, आतां हयात नसलेल्या आजोबांचीं छायाचित्रें असतात. तबकडी घालण्याची खिडकी या यंत्राला नसल्यामुळें ‘आतां हें दुरुस्त कसें होणार?’ असा प्रश्न पडतो. पुष्कळ वेळां अशा यंत्राचें शरीर धडधाकट असतें. बिघडलेली असते ती त्याची कार्यप्रणाली. ती तबकडीविना नव्यानें बसवितां येते. मात्र या कामाला एक क्रम आहे: आधीं घरचा ऐवज बाहेर काढावयाचा, मग घर पाडून नवें बांधावयाचें. हा क्रम उलटला, तर यंत्र वांचतें आणि ऐवज जातो.

कार्यप्रणाली, म्हणजे ज्याला सर्वजण ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात ती, लॅपटॉपांतील स्टेशनमास्तर होय. कोणतें काम केव्हां सोडावयाचें, कोणत्या फाइलीला कोठें जागा द्यावयाची, पडदा, कळफलक आणि वायफाय यांनीं कोणाचें ऐकावयाचें, हें सारें ती ठरविते. परंतु हा स्टेशनमास्तर स्वतः कचेरींत येऊन बसण्यापूर्वीं कोणीतरी दार उघडावें लागतें. तें काम यंत्राच्या मुख्य पट्टीवरील एका चिपेंत लिहून ठेवलेली छोटी आज्ञावली करते. तिला फर्मवेअर म्हणतात. वीज मिळतांच ती यंत्राचे अवयव तपासते, कार्यप्रणाली कोठें आहे याचा शोध घेते, आणि तिच्या हातीं कारभार सोंपवून बाजूला होते. कार्यप्रणाली यंत्राच्या पोटांत सांपडली काय, तबकडीवर सांपडली काय, किंवा बाहेरून लावलेल्या पेनड्राइव्हवर सांपडली काय, या द्वारपालाला त्याचें सोयरसुतक नसतें. तबकडीविना पुनर्मांडणी शक्य होते ती एवढ्याच कारणानें.

तबकडीची खिडकी लॅपटॉपांतून गेली त्यालाहि बराच काळ लोटला आहे. सीडीचा व्यास १२ सेंटिमीटर. तेवढी जागा आणि ती फिरविणारी मोटर लहान यंत्रांत मावेना. २००७ सालच्या ऑक्टोबरांत तैवानच्या असुस कंपनीनें ‘ई पीसी’ नांवाचा सात इंची पडद्याचा लॅपटॉप आणला; त्यांत ही खिडकी नव्हती. त्याच वर्षीं रायगड जिल्ह्यांतील कर्जतजवळच्या खैराट या लहानशा गांवीं प्राथमिक शाळेच्या मुलांच्या हातीं ‘वन लॅपटॉप पर चाइल्ड’ या अमेरिकन संस्थेचे हिरवे-पांढरे लॅपटॉप आले. त्यांतहि तबकडी नव्हती. सारी साठवण १ जीबीच्या चिपेंत होती. त्या यंत्राची कार्यप्रणाली नव्यानें घालावयाची, तर ती पेनड्राइव्हवर आणावयाची, पडद्याशेजारचीं चार बटणें एकदम दाबून धरावयाचीं आणि यंत्र सुरू करावयाचें, अशी सोपी योजना होती. सह्याद्रीच्या पायथ्याच्या शाळेंत चालावें म्हणून केलेली ही सोय पूर्वविदर्भांतील घरालाहि परकी नाहीं.

हें काम काढण्याचें निमित्त दर वेळीं बिघाडच असतें असें नाहीं. विंडोज १० या कार्यप्रणालीचा नियमित आधार मायक्रोसॉफ्ट कंपनीनें १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं थांबविला. विंडोज ११ साठीं किमान ४ जीबी स्मृति आणि ६४ जीबी साठवण लागते. शिवाय सुरक्षेसाठीं टीपीएम २.० नांवाची सोय यंत्रांत असावी लागते. ज्या लहान लॅपटॉपांत २ जीबी स्मृति आणि ३२ जीबी साठवण आहे, ते या अटींत बसत नाहींत. असें यंत्र टाकून देण्यापूर्वीं लिनक्स घराण्यांतील हलकी कार्यप्रणाली घालून पाहावी. त्यांतील डेबियन ही जुनी, विनामूल्य आणि विश्वासाची. तिची स्थापना मराठींतून करतां येते. मात्र त्यासाठीं आरंभींच्या यादींतून चित्रमय स्थापनेचा पर्याय घ्यावा लागतो, कारण साध्या अक्षरी पडद्यावर देवनागरी उमटत नाहीं. भारत सरकारच्या सी-डॅक संस्थेची ‘बॉस’ ही कार्यप्रणालीहि डेबियनवरच उभारलेली आहे. २ जीबी स्मृतीच्या यंत्रानें एकदम वीस संकेतस्थळें उघडावींत, अशी अपेक्षा मात्र कोणतीहि प्रणाली पुरी करणार नाहीं. पत्र लिहिणें, धडा वाचणें, हिशेब ठेवणें यांस तें पुरतें.

आतां क्रमांतील पहिलें पाऊल, म्हणजे ऐवजाची सुटका. यंत्र अजून सुरू होत असेल, तर फाइली दुसऱ्या पेनड्राइव्हवर किंवा बाह्य डिस्कवर उतरवाव्या. सुरू होत नसेल, तरी निराश होण्याचें कारण नाहीं. लिनक्सचे पुष्कळ प्रकार पेनड्राइव्हवरूनच ‘जिवंत’ चालतात. यंत्राच्या पोटांतील साठवणीला ते धक्का लावीत नाहींत, आणि तेथील फाइली मात्र दाखवितात. त्यांतून दाखले आणि छायाचित्रें उचलून दुसरीकडे ठेवतां येतात. येथें एक अडसर येतो. अलीकडच्या अनेक लॅपटॉपांत साठवण कुलूपबंद असते. मालकाच्या नकळत, मायक्रोसॉफ्टचें खातें जोडतांना, हें कुलूप लागलेलें असूं शकतें. तें उघडण्यास ४८ अंकी पुनर्प्राप्ति-किल्ली लागते, आणि ती बहुधा त्याच खात्यांत नोंदलेली असते. दुसऱ्या संगणकावरून किंवा फोनवरून खातें उघडून ती आधींच कागदावर उतरून घ्यावी. किल्ली नसतांना साठवण पुसली, तर तो ऐवज कोणत्याहि कारागिराला परत आणतां येणार नाहीं.

दुसरें पाऊल पेनड्राइव्ह तयार करण्याचें. हें दुसऱ्या चालू संगणकावर करावयाचें असतें. विंडोजसाठीं निदान ८ जीबीचा पेनड्राइव्ह लागतो, आणि त्यावर आधीं असलेलें सर्व कांहीं या कामांत पुसलें जातें. कार्यप्रणालीची फाइल तिच्या कर्त्याच्याच संकेतस्थळावरून घ्यावी. बाजारांत मिळणाऱ्या ‘तयार’ प्रतींत काय मिसळलें आहे, हें ओळखण्याचा उपाय घरगुती माणसापाशीं नसतो. फाइल मोठी असते. सालेकसा-देवरीकडच्या जंगलपट्ट्यांत जेथें इंटरनेटचा वेग बेताचा असतो, तेथील कुटुंबानें ती तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या ठिकाणीं उतरवून पेनड्राइव्हवर न्यावी, हें बरें. भाताचें पोतें गिरणीवर निघतांना तोलतात आणि पोंचल्यावर पुन्हां तोलतात. वजन जुळलें तर वाटेंत कांहीं सांडलें नाहीं असें समजतें. फाइलीलाहि असा तोल आहे. कर्ता ६४ चिन्हांची एक खूण प्रसिद्ध करतो. उतरविलेल्या फाइलीवरून संगणक तशीच खूण काढून देतो. दोन्हीं जुळल्या, तर फाइल पुरी आणि शुद्ध उतरली. एक चिन्ह जरी वेगळें निघालें, तरी ती फाइल टाकून पुन्हां उतरवावी.

येथें एक चूक फार होते. आणलेली फाइल पेनड्राइव्हवर नुसती ठेवून दिली, म्हणजे काम झालें असें वाटतें. तसें नव्हे. पेटीबंद सामान दारांत ठेवल्यानें घर मांडलें जात नाहीं. ती फाइल उलगडून, द्वारपालाला वाचतां येईल अशा रीतीनें पेनड्राइव्हवर लिहावी लागते. विंडोजसाठीं मायक्रोसॉफ्टचें स्वतःचें साधन आहे. इतरांसाठीं ‘रूफस’सारखें विनामूल्य साधन चालतें.

इतकें करूनहि कधीं कधीं लॅपटॉप पेनड्राइव्हकडे ढुंकून पाहत नाहीं, आणि गृहस्थ पेनड्राइव्हला दोष देतो. दोष बहुधा जुळणीचा असतो. गोंदियाच्या रहिवाशाला हा प्रकार समजण्यास दूर जावयास नको. बंगाल-नागपूर रेल्वेच्या काळांत, विसाव्या शतकाच्या आरंभीं, नागपूर-हावड्याचा रुंद मार्ग आणि नैनपूरवरून जबलपूरला जाणारा अरुंद मार्ग गोंदियास भेटले. एकाच्या रुळांतील अंतर ५ फूट ६ इंच, दुसऱ्याच्या २ फूट ६ इंच. डबा कितीहि भक्कम असो, माल कितीहि उत्तम असो, एका मार्गावरचा डबा दुसऱ्यावर चालत नसे. माल उतरवून पुन्हां भरावा लागे. पुढें एकविसाव्या शतकांत तो अरुंद मार्ग टप्प्याटप्प्यानें रुंद झाला आणि ही अडचण मिटली. लॅपटॉपांतील द्वारपालाचेहि असे मार्ग आहेत. जुन्या यंत्रांत तो बायोस पद्धतीचा असतो, नव्यांत यूईएफआय पद्धतीचा. एका पद्धतीसाठीं लिहिलेला पेनड्राइव्ह दुसरी पद्धत स्वीकारीलच असें नाहीं. लहान लॅपटॉपांत आणखी एक विशेष आढळतो. २०१४ नंतरच्या दोन-तीन वर्षांत आलेल्या अनेक स्वस्त यंत्रांत इंटेलचा अ‍ॅटम प्रोसेसर ६४-बिटी, पण फर्मवेअर मात्र ३२-बिटी असें जोडपें होतें. अशा यंत्राला केवळ ६४-बिटी आरंभक-फाइल असलेला पेनड्राइव्ह दिसतच नाहीं. जुन्या विंडोजच्या माहितीपत्रकांत ‘३२-बिट कार्यप्रणाली, एक्स६४ प्रोसेसर’ असें लिहिलेलें असेल, तर हा संशय घ्यावा. डेबियननें २०१५ सालच्या आठव्या आवृत्तीपासून या मिश्र जोडप्याची सोय केलेली आहे.

जुळणी बरोबर असली, कीं पुढचें काम सोपें. लॅपटॉपला विजेची तार लावावी, पेनड्राइव्ह जोडावा, आणि यंत्र सुरू होतांच आरंभाची यादी दाखविणारें बटण पुन्हां पुन्हां दाबावें. डेल आणि लेनोव्होच्या बहुतेक यंत्रांत तें एफ १२ असतें, एचपीमध्यें एफ ९, असुसमध्यें एस्केप. एसरच्या कित्येक यंत्रांत एफ १२ चालतें, पण आधीं फर्मवेअरच्या मांडणींत जाऊन तशी परवानगी द्यावी लागते. यादींत पेनड्राइव्हचें नांव निवडलें, म्हणजे स्थापनेचा पडदा येतो.

साठवण पुसण्याची परवानगी जेथें विचारली जाते, तेथें हात आंवरावा. यादींत यंत्राची साठवण आणि बाहेरून लावलेले पेनड्राइव्ह दोन्हीं दिसतात. कोणतें कोणाचें, हें आकारावरून ओळखावें: ३२ जीबीची साठवण बहुधा २९ जीबीच्या आसपास दाखविली जाते. ज्या पेनड्राइव्हवर ऐवज उतरविला, तो त्या वेळीं यंत्रापासून काढून कपाटांत ठेवावा; म्हणजे चुकीला वावच राहत नाहीं. मध्येंच वीज गेली आणि बॅटरीहि संपली, तर अर्धवट स्थापना वाया जाते, परंतु यंत्राला इजा होत नाहीं. पेनड्राइव्हवरून पुन्हां आरंभ करावा. फर्मवेअर बदलण्याचें काम मात्र निराळें. तें चालू असतां वीज गेली, तर द्वारपालच नाहींसा होऊं शकतो. म्हणून गरज नसतां त्याच्या वाटेस जाऊं नये.

विंडोजच पुन्हां घालावयाचें असेल, तर परवान्याच्या भीतीनें नवी खरेदी करूं नये. विंडोज ८ च्या काळापासून, म्हणजे २०१२ पासून, कारखान्यांतून विंडोजसह निघालेल्या बहुतेक लॅपटॉपांत परवान्याची किल्ली फर्मवेअरमध्येंच लिहिलेली असते. तोच प्रकार पुन्हां बसविला, कीं इंटरनेट मिळतांच परवाना आपोआप मान्य होतो. नव्या प्रणालीला वायफाय ओळखतां येत नसेल, तर फोन तारेनें जोडून त्याचें इंटरनेट लॅपटॉपला द्यावें. उरलेल्या आज्ञावल्या त्या वाटेनें येतात.

यंत्र चालूं लागलें, म्हणजे ऐवज परत आंत ठेवावा, पण बाहेरची प्रत पुसूं नये. कार्यप्रणाली जगांत सर्वत्र सारखीच मिळते आणि शंभर वेळां नव्यानें घालतां येते. मुलाच्या हातचें पहिलें चित्र आणि आजोबांचें शेवटचें छायाचित्र एकाच घरीं असतें. यापुढें तें दोन ठिकाणीं असावें. तयार केलेल्या पेनड्राइव्हवर प्रणालीचें नांव आणि तारीख लिहून ठेवावी. शेजारच्या घरीं तसाच लॅपटॉप अडला, तर तोच पेनड्राइव्ह तेथेंहि उपयोगी पडेल.