आजाच्या चाकूची कमान

मागच्या सुट्टीत मी आयर्लंडला भाच्याकडे गेलो होतो. तो डब्लिन शहरात ग्रँड कॅनाल डॉकजवळ राहतो. 1796 साली खुल्या झालेल्या या गोदीत पूर्वी मालाच्या बोटी लागत. आज तिच्या काठी काचेच्या मोठ्या कचेऱ्या उभ्या आहेत.

भाच्याला हाताने घडविलेले, अनेक पात्यांचे घडीचे चाकू जमविण्याचा नाद आहे. तो ते कपाटातच ठेवतो, कारण तेथील 1990 च्या कायद्याप्रमाणे सबळ कारणाशिवाय सार्वजनिक जागी चाकू बाळगणे गुन्हा आहे.

मी मुद्दाम माझ्या आजाचा शेफील्डचा चाकू सामानात नेला होता. लहानपणी त्याचे गंजलेले पाते मी पकडीने ओढले आणि कमान मोडली. आजा रागावला नाही. पण त्याने तो चाकू पुन्हा हातात घेतला नाही. ही गोष्ट माझ्या मनाला लागून राहिली होती.

भाचा म्हणाला, "मामा, चाकूचा जीव पात्यात नाही, कमानीत असतो."

मुठीच्या पाठीत पोलादाची कमान असते. ती पात्याच्या बुडाशी असलेल्या सपाट कडेवर दाबून बसते, म्हणून पाते उघडे किंवा मिटलेले स्थिर राहते. पुष्कळदा एकच कमान दोन टोकांची दोन पाती सांभाळते. कमान लाल तापवून विझवतात, मग पुन्हा बेताने तापवतात. हा ताव कमी पडला तर ती मोडते, जास्त झाला तर मऊ पडते. कारागीर ती कानशीने घासून पात्याशी जुळवतो. नीट जुळली की पाते 'टक्' करून बसते.

शेफील्डच्या जोसेफ रॉजर्स कारखान्याने 1851 च्या लंडनच्या महाप्रदर्शनासाठी 75 पात्यांचा नॉरफोक चाकू केला होता. पण अख्खा चाकू एकहाती घडविणारे आता थोडेच उरले. त्यांतले नामवंत स्टॅन शॉ 2021 साली, वयाच्या 94 व्या वर्षी वारले.

"नवी कमान बसेल का?" मी विचारले.

"बसेल. पण रिवेट काढताना पणजोबांची शिंगाची मूठ तडकू शकते."

मी चाकू तसाच परत आणला. मूठ आजाच्या हाताने झिजलेली आहे. ती मला गमवायची नव्हती.

तुमच्या घरी जुन्या पेटीत असा चाकू असेल, तर सांध्यात तेलाचा थेंब सोडा आणि एक दिवस थांबा. जोर लावू नका. मग मुलांना जवळ बसवून, तो कोणाचा होता ते सांगा.