जलवाहिनीतील संवेदक आणि वैद्यकीय व्यवसाय

एकाच वस्तीतून अतिसाराचे रुग्ण येऊ लागले की पाण्याची शंका प्रथम डॉक्टरांच्या मनात येते. परंतु तोवर ते पाणी पिऊन झालेले असते. कॅनडातील ऑन्टारिओ प्रांतात वॉकरटन या लहानशा गावी मे २००० मध्ये हेच घडले. मुसळधार पावसाने शेतातील शेणखताचे जंतू एका उथळ विहिरीत उतरले. रक्तमिश्रित जुलाब झालेली दोन मुले तपासल्यावर जवळच्या शहरातील एका बालरोगतज्ज्ञांनी १९ मे रोजी आरोग्य खात्यास कळविले. पाणीपुरवठा कचेरीने मात्र पाणी ठीक असल्याचे सांगितले. वास्तविक प्रयोगशाळेचा प्रतिकूल अहवाल १७ मे रोजीच तिच्या हाती आला होता. पाणी उकळून पिण्याची सूचना निघाली ती २१ मे रोजी. २३०० हून अधिक माणसे आजारी पडली, ७ दगावली.

न्यायमूर्ती डेनिस ओकॉनर यांच्या २००२ च्या चौकशी अहवालाने निःसंदिग्ध शब्दांत सांगितले, की त्या विहिरीवर क्लोरीन व गढूळपणा अखंड मोजणारी उपकरणे असती तर ही साथ टळली असती.

येथे एक गैरसमज दूर करावयास हवा. हे संवेदक जंतू पाहत नाहीत. पल्स ऑक्सिमीटर न्यूमोनिया ओळखत नाही, तो केवळ प्राणवायू घटल्याचे सांगतो, तसेच हे. मैला वा सेंद्रिय द्रव्य पाण्यात शिरले की क्लोरीन त्याच्याशी संयोग पावून खर्ची पडतो आणि अवशिष्ट क्लोरीन खाली येतो. विद्युदग्रातील क्षीण प्रवाहावरून संवेदक ही घट काही मिनिटांत टिपतो, इशारा देतो, पंपही बंद करू शकतो. जंतूंच्या संवर्धन चाचणीस मात्र सुमारे एक दिवस लागतो. आपल्याकडील मानकानुसार मुक्त अवशिष्ट क्लोरीन लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम असावा. शिवाय सामू वाढला की तेवढ्याच क्लोरीनची जंतुनाशक शक्ती उणावते, म्हणून सामूचे मापनही सोबतीला लागते.

अर्थात संवेदक बसविला की काम संपले, असे नाही. त्यावर शेवाळी थर चढतो आणि वरचेवर अंशशोधन न केल्यास तो खोटे आकडे दाखवू लागतो. आपल्याकडे याहून मोठी अडचण आहे ती तासा-दोन तासांच्या पुरवठ्याची. नळ बंद असताना वाहिनीतील दाब नाहीसा होतो आणि शेजारच्या गटाराचे पाणी सांध्यांतून आत झिरपते. हुबळी-धारवाडमध्ये झालेल्या अभ्यासात चोवीस तास पुरवठा असलेल्या भागांपेक्षा खंडित पुरवठ्याच्या भागांतील नळाचे पाणी अधिक वेळा दूषित आढळले. रिकाम्या वाहिनीत क्लोरीनचा संवेदक निरुपयोगी ठरतो. तेथे आधी दाबमापक बसवावा आणि पाणी सुटल्यावर पहिल्या काही मिनिटांच्या गढूळपणाची नोंद घ्यावी. या नोंदी महापालिकेच्या संगणकातच न राहता त्या प्रभागातील डॉक्टरांनाही त्याच दिवशी मिळाव्यात, अशी मागणी आपल्या संघटनेने करण्यास हरकत नाही.