जबलपूरला जाताना धास्ती कशाची घ्यावी?

दिवाळीची सुट्टी लागली की नागपूर, पुणे, मुंबईकडची कितीतरी कुटुंबे जबलपूरची वाट धरतात. बेत बहुधा ठरलेला असतो: एक दिवस भेडाघाट, दोन दिवस कान्हा, जमलेच तर येताना पेंच. गाव तसे परके नाही. अठराव्या शतकाच्या अखेरीस ते नागपूरकर भोसल्यांकडे होते. पुढे १८६१ मध्ये मध्य प्रांत झाला, तेव्हापासून १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपर्यंत जबलपूरची राजधानी नागपूरच होती. आजही तिथे पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली मराठी घरे आहेत.

पण ओळखीच्या गावातच माणूस बेसावध असतो. घरून निघताना लोक ज्याची धास्ती घेतात ते जबलपूरला फारसे नसते. आणि जिथे खरोखर जपायला हवे तिथे आपण लोणावळ्याच्या नाहीतर आंबोलीच्या सवयीने वागतो. त्यातले नेहमी कानावर येणारे गैरसमज आणि त्यांची वस्तुस्थिती पाहू.

गैरसमज १: मध्य प्रदेश म्हणजे डाकूंचा मुलूख, संध्याकाळनंतर बाहेर पडू नये.

वस्तुस्थिती: डाकूंसाठी कुप्रसिद्ध झालेली चंबळची दरी भिंड-मुरैनाकडे, म्हणजे जबलपूरपासून रस्त्याने चारशे किलोमीटरहून दूर आहे. तिथलेही ते पर्व मागे पडले. १९७२ मध्ये जौरा येथे जयप्रकाश नारायण यांच्या पुढाकाराने डाकूंचे मोठे आत्मसमर्पण झाले होते. या गोंधळाला थोडा हातभार सिनेमाचाही आहे. राज कपूरच्या ‘जिस देश में गंगा बहती है’ या १९६० च्या चित्रपटात डाकूही आहेत आणि भेडाघाटचे कडेही.

जबलपूर हे उच्च न्यायालय, पश्चिम मध्य रेल्वेचे मुख्यालय आणि लष्करी छावणी असलेले मोठे शहर आहे. स्टेशनवर पाकीट सांभाळणे, गर्दीत मोबाइल वरच्या खिशात न ठेवणे, एवढी काळजी कुठेही घ्यावीच लागते. प्रवाशाची खरी अडचण होते ती परतीच्या वाहनाची. भेडाघाट शहरापासून वीस-पंचवीस किलोमीटर आहे. जाताना शेअर ऑटो सहज मिळते, पण सूर्यास्तानंतर तिथून वाहन मिळणे कठीण होते आणि मिळालेच तर चालक सांगेल तो भाव द्यावा लागतो. म्हणून ऑटो किंवा टॅक्सी जाऊन-येऊन ठरवावी. भाडे माणशी आहे की पूर्ण गाडीचे, आणि थांबण्याचे पैसे त्यात धरले आहेत का, हे दोन प्रश्न बसण्याआधीच विचारावेत.

गैरसमज २: धबधबा म्हटला की पावसाळ्यातच पाहावा.

वस्तुस्थिती: सह्याद्रीत हे खरे आहे. तिथले बहुतेक धबधबे जूनमध्ये जन्मतात आणि दिवाळीपर्यंत आटतात. भेडाघाटच्या धुवांधार धबधब्याचे गणित वेगळे आहे. इथे नर्मदेचे रुंद पात्र एकाएकी अरुंद होते, पाणी खाली कोसळते आणि पुढे सुमारे तीन किलोमीटर संगमरवरी कड्यांच्या चिंचोळ्या घळीतून वाहते. मोठा पूर आला की ते सगळे पाणी घळीतून लवकर निघून जाऊ शकत नाही. ते तुंबते, खालची पातळी वर चढते आणि धबधब्याची उंचीच नाहीशी होते. ऐन पुरात धुवांधारच्या जागी गढूळ पाण्याचा सपाट लोंढा दिसतो. अशा वेळी नौकाविहारही बंद असतो आणि काठावर जाऊ देत नाहीत. ‘एवढ्या लांबून आलो आणि काहीच दिसले नाही’ ही तक्रार बहुधा जुलै-ऑगस्टमधल्या पाहुण्यांची असते.

पाणी उतरून निवळले की, साधारण ऑक्टोबरच्या उत्तरार्धापासून मार्चपर्यंत, धबधबा आणि घळ दोन्ही नीट पाहता येतात. एप्रिल-मेमध्ये पाणी असते, पण ऊन असह्य असते. भेडाघाटच्याच चौसष्ट योगिनी मंदिराच्या शंभराहून अधिक पायऱ्या चढून भर दुपारी तापलेल्या दगडी आवारात अनवाणी फिरणे ज्येष्ठांना झेपणारे नाही. तिथे सकाळीच जावे. उलट डिसेंबर-जानेवारीत पहाटे चांगलीच थंडी असते. मुंबईकर बॅगेत स्वेटर टाकायला विसरतात.

गैरसमज ३: पाणी संथ आहे, म्हणजे उतरायला हरकत नाही.

वस्तुस्थिती: भेडाघाटचा सर्वांत मोठा धोका हाच आहे. रुंद पात्रातले पाणी अरुंद घळीत शिरते तेव्हा ते खोलीत मावते. नावा जिथून सुटतात त्या पंचवटी घाटापाशी नदी संथ वाटते, कारण ती खोल आहे. दोन्ही बाजूंना उभे, गुळगुळीत कडे असल्याने पडलेल्या माणसाला हात घालायला आधारही सापडत नाही.

दुसरी गोष्ट वरून दिसत नाही. शहराच्या वरच्या अंगाला बरगी धरण आहे. त्याच्या जलाशयाला राणी अवंतीबाई लोधी सागर म्हणतात. या धरणाला एकवीस दरवाजे आणि नव्वद मेगावॅटचे जलविद्युत केंद्र आहे. पावसाळ्यात दरवाजे उघडले की ग्वारीघाट, तिलवाराघाट, लम्हेटाघाट आणि भेडाघाट या क्रमाने पाणी चढत जाते. जबलपूरमध्ये थेंबही पडलेला नसला तरी वर मंडला-दिंडोरीकडच्या पावसाने हे घडते. पावसाळा नसतानाही वीजनिर्मितीसाठी सोडलेल्या पाण्यामुळे पातळी खाली-वर होते. सकाळी ज्या खडकावर कोरड्या पायांनी जाता आले, तो दुपारी पाण्याने वेढलेला असू शकतो. म्हणून मधल्या खडकांवर जाऊन डबा उघडून बसू नये. नर्मदास्नान करायचे तर ग्वारीघाटासारख्या वर्दळीच्या बांधीव घाटावर, पायरीवर बसून, तांब्याने पाणी घेऊन करावे. पुण्य त्याने कमी होत नाही.

‘इथे मगर नाही ना?’ हा प्रश्न हमखास विचारला जातो. ‘मोहेंजोदारो’ या २०१६ च्या चित्रपटात भेडाघाटच्या पाण्यात मगरीशी झुंज आहे, तीही या प्रश्नामागे असावी. नर्मदेच्या खोऱ्यात मगरी आहेत. जबलपूरजवळची परियट नदी तर त्यांच्यासाठीच ओळखली जाते. मात्र नावाडी ‘मगर नाही’ म्हणाला म्हणून पाण्यात उडी मारणारा माणूस चुकीच्या प्रश्नाचे बरोबर उत्तर घेऊन उतरतो. भेडाघाटला माणसे बुडतात ती खोलीमुळे, ओढीमुळे आणि निसरड्या दगडामुळे.

गैरसमज ४: कठडा सोडून थोडे पुढे गेले तर फोटो चांगला येतो.

वस्तुस्थिती: धुवांधारच्या काठचा दगड युगानुयुगे पाण्याने घासला गेला आहे आणि तुषारांनी सतत ओला राहतो. त्यावर शेवाळ धरते. सह्याद्रीतल्या खडबडीत काळ्या बेसाल्टवर बूट जसा पकडतो तसा इथे पकडत नाही. चांगल्या तळव्याचा बूटही सटकतो. धबधबा अंगावर घेण्याची हौस कठड्याच्या आत उभे राहूनही भागते, कारण वाऱ्याची दिशा बदलली की तुषार तिथपर्यंत येतात. समोरून पूर्ण दृश्य हवे असेल तर नदीवरून जाणारा रोपवे आहे. लहान मुलांचा हात धरणाऱ्याच्या दुसऱ्या हातात मोबाइल नसावा, एवढा एक नियम घरातच ठरवून घ्यावा.

गैरसमज ५: मधमाश्यांबद्दलच्या सूचना म्हणजे नुसता बाऊ.

वस्तुस्थिती: संगमरवरी कड्यांच्या कपारींना आग्या मोहोळांची मोठमोठी पोळी लटकलेली असतात. हा धोका नवा नाही. रेल्वेची बांधणी चालू असताना पुलाची जागा पाहायला आलेल्या बॉडिंग्टन नावाच्या इंग्रज अभियंत्यावर या माश्यांनी हल्ला केला, त्याने पाण्यात उडी घेतली आणि तो बुडाला. कॅप्टन जेम्स फोर्सिथने मध्य भारताच्या डोंगराळ मुलखावरच्या १८७१ मधल्या आपल्या पुस्तकात ही हकिगत दिली आहे.

नावेतून जाताना आरोळ्या ठोकणे, प्रतिध्वनी ऐकायला शिट्ट्या मारणे, कड्यांवर दगड भिरकावणे, काठावर शेकोटी किंवा सिगारेट पेटवणे, हे सगळे टाळावे. उग्र अत्तरही नको. काठावर असताना माश्या उठल्याच तर हातवारे न करता तोंड-डोळे ओढणीने किंवा शर्टाने झाकून बंद जागेकडे सरळ निघावे. पाण्यात उडी हा उपाय नाही, कारण माश्या वर घोंघावत राहतात. डंख पुष्कळ असतील, किंवा श्वास लागून ओठ सुजत असतील, तर घरगुती उपायांत वेळ न घालवता रुग्णालय गाठावे. शहरातले नेताजी सुभाषचंद्र बोस वैद्यकीय महाविद्यालय हे मोठे सरकारी रुग्णालय आहे.

गैरसमज ६: नाव कधीही मिळते आणि कोणतीही चालते.

वस्तुस्थिती: पावसाळ्यात नौकाविहार बंद असतो आणि पाणी उतरल्यावर प्रशासनाने परवानगी दिली की सुरू होतो. त्यामुळे सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सहलीआधी फोन करून खात्री करावी. चांदण्यातल्या संगमरवरी कड्यांची कीर्ती ऐकून लोक कोणत्याही रात्री पोचतात. रात्रीची फेरी मात्र पौर्णिमेच्या आसपास आणि परवानगी असेल तेव्हाच होते. शरद पौर्णिमेच्या सुमारास भेडाघाटला नर्मदा महोत्सव भरतो, त्या दिवसांत गर्दी उसळते आणि खोल्या मिळत नाहीत.

भेडाघाटला नदीच्या दोन्ही काठांवरून जाता येते. पलीकडच्या काठाला ‘न्यू भेडाघाट’ म्हणतात. चालकाला नुसते ‘भेडाघाट’ सांगितले तर तो तिकडेही नेऊ शकतो. चौसष्ट योगिनी मंदिर आणि नाव दोन्ही हवे असेल तर ‘पंचवटी घाट’ असे स्पष्ट सांगावे. नावेत बसण्याआधी लाइफ जॅकेट मागून घ्यावे आणि त्याचे पट्टे बांधावेत. नुसते गळ्यात अडकवून उपयोग नाही. ‘बंदर कूदनी’ आणि ‘भूलभुलैया’ या जागा नावाडी यमकबद्ध हिंदीत रंगवून सांगतात. ते ऐकायला किंवा फोटो काढायला सगळ्यांनी एका बाजूला झुकू नये.

गैरसमज ७: परिक्रमेच्या सहलीत रोपवे आणि नौकाविहार उरकून घेता येतो.

वस्तुस्थिती: महाराष्ट्रातून बसने नर्मदा परिक्रमेला जाणारे अनेकजण जबलपूरला मुक्काम करतात. परिक्रमेच्या परंपरेत नर्मदेचा प्रवाह ओलांडायचा नसतो. रोपवे सरळ पलीकडच्या काठावर नेतो, आणि नावही पात्रातून फिरते. संकल्प केलेला असेल तर आयोजकांना विचारल्याशिवाय कशातही बसू नये. गटातले एकजण बसले म्हणून बाकीचे बसतात आणि पुढे ओंकारेश्वरपर्यंत मनाला रुखरुख लागून राहते.

गैरसमज ८: कान्हा जबलपूरच्या जवळच, सकाळी जाऊन रात्री परत येऊ.

वस्तुस्थिती: अंतर सुमारे १६० किलोमीटर आहे आणि सफारी उजाडताच सुरू होते. आदल्या रात्री तिथेच मुक्काम करणे भाग आहे. पहाटेच्या अंधारात जंगलालगतच्या रस्त्यावर वेगाने गाडी हाकणे हे अपघाताला आमंत्रण आहे, माणसाच्याही आणि हरणाच्याही. जबलपूर-मंडलाकडून येणाऱ्यांना खटिया-किसलीचे प्रवेशद्वार सोयीचे, तर गोंदिया-बालाघाटकडून येणाऱ्यांना मुक्कीचे. सफारी एका दाराची आणि हॉटेल दुसऱ्या दाराशी, अशी चूक वारंवार होते. गाभा क्षेत्र १ जुलै ते ३० सप्टेंबर बंद असते, तसेच बुधवारी दुपारची फेरी नसते. आरक्षण ज्या ओळखपत्रावर केले तेच मूळ ओळखपत्र दाराशी दाखवावे लागते.

गैरसमज ९: मुंबईहून वाराणसीकडे जाणारी कोणतीही गाडी जबलपूरला पोचवते.

वस्तुस्थिती: काही गाड्या इटारसीहून जबलपूरमार्गे जातात, तर कामायनीसारखी गाडी भोपाळ-बीना-कटनीकडून. तिकीट काढताना मार्ग पाहावा. इटारसीकडून येताना जबलपूरच्या आधी मदनमहल स्टेशन लागते. राइट टाउन, नेपियर टाउन भागात हॉटेल असेल तर तेच जवळचे. विदर्भातून जाणाऱ्यांसाठी आणखी एक वाट आहे. जुनी नॅरोगेज बंद होऊन गोंदिया-नैनपूर-जबलपूर हा मार्ग आता ब्रॉडगेज झाला आहे.

बरोबर ठेवायचे क्रमांक

तातडीच्या मदतीसाठी ११२, रुग्णवाहिकेसाठी १०८, रेल्वेतल्या अडचणीसाठी १३९. केंद्रीय पर्यटन मंत्रालयाची १३६३ ही हेल्पलाइन चोवीस तास चालते. तिथे हिंदी-इंग्रजीखेरीज जपानीसह दहा परदेशी भाषांत उत्तर मिळते. मराठी त्या यादीत नाही, पण जबलपूरला हिंदीने कुणाचे अडत नाही.

सहलीच्या आदल्या दिवशी हॉटेलात तीन प्रश्न विचारा: बरगीतून पाणी सोडले आहे का, नावा चालू आहेत का, आणि भेडाघाटहून परतीचे वाहन किती वाजेपर्यंत थांबेल. या तिन्हींची उत्तरे हातात असतील तर कुलपे, पाकिटे आणि डाकूंची चिंता घरी ठेवून निघायला हरकत नाही.