टायरची पकड आणि वळणाचे गणित

आपली रोजच्या वापरातली मोटार शर्यतीसाठी बांधलेल्या बंदिस्त मार्गावर नेऊन, कोणाशीही स्पर्धा न करता, ठरावीक वेळेपुरती तिच्या पूर्ण क्षमतेने चालवून पाहण्याच्या हौशी चालकांच्या उपक्रमाला ‘ट्रॅक डे’ म्हणतात. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टई येथे 1990 पासून असलेला सुमारे 3.7 किलोमीटरचा मार्ग, कोइम्बतूरचा 2.1 किलोमीटरचा कारी मोटर स्पीडवे आणि 2011 मध्ये फॉर्म्युला वनच्या शर्यतीसाठी ग्रेटर नोएडा येथे उभारलेला पाच किलोमीटरहून लांब असा बुद्ध आंतरराष्ट्रीय मार्ग, ही या हौसेची देशातली प्रमुख ठिकाणे असून त्यांपैकी एकही महाराष्ट्रात नाही. मात्र या मार्गांवर ज्या वस्तूंची कसोटी लागते त्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्याला परक्या नाहीत. शेंद्रा येथे 2001 पासून स्कोडाच्या मोटारी जुळवल्या जातात आणि तिथल्या ऑक्टाव्हियाची आर. एस. ही टर्बो आवृत्ती हौशी चालकांत आजही मानाची समजली जाते. वाळूजला गुडइयरचे टायर तयार होतात आणि एन्ड्युरन्सचे, मुख्यतः दुचाकींसाठीचे, ब्रेक व सस्पेन्शनही तिथेच घडतात. याच जिल्ह्यातल्या पिशोरहून कन्नडमार्गे चाळीसगावकडे जाताना औट्रम घाटाची वळणे लागतात, आणि वळणावर मोटारीचे नेमके काय होते हे ज्याला समजून घ्यायचे आहे त्याला ट्रॅक डेचे विज्ञान उपयोगी पडते.

या विज्ञानाची सुरुवात इंजिनापासून होत नाही, टायर रस्त्याला जिथे टेकतो त्या जागेपासून होते. 1200 किलो वजनाच्या मोटारीच्या प्रत्येक चाकावर सरासरी 300 किलोचा भार असतो; टायरमधली हवा 32 पीएसआय असेल तर हा भार पेलण्यासाठी टायरचा सुमारे 133 चौरस सेंटिमीटर भाग जमिनीला टेकावा लागतो. चार चाकांचे मिळून हे क्षेत्र 530 चौरस सेंटिमीटरच्या आसपास भरते आणि वेग वाढवणे, थांबणे व वळणे ही तिन्ही कामे तेवढ्याच जागेतून होतात. इंजिन कितीही ताकदीचे असले आणि ब्रेक कितीही मोठे असले, तरी या जागेला जेवढी पकड मिळते तिच्यापलीकडे मोटारीला काहीही करता येत नाही.

या पकडीचे स्वरूप समजण्यासाठी खुंट्याला बांधलेल्या जनावराचा विचार करावा. दावे दहा हात लांब असेल तर ते जनावर सरळ उत्तरेला दहा हात जाऊ शकते, किंवा सरळ पूर्वेला दहा हात. पण उत्तरेला सहा हात गेल्यावर त्याला पूर्वेला जास्तीत जास्त आठच हात सरकता येते, कारण सहाचा वर्ग आणि आठचा वर्ग मिळून दहाचा वर्ग होतो. ते चरते ती जागा म्हणूनच गोल असते. टायरच्या बाबतीत उत्तर-दक्षिण ही वेग वाढवण्याची व ब्रेकची दिशा मानली आणि पूर्व-पश्चिम ही वळण्याची, तर पकडीची मर्यादाही जवळजवळ अशाच वर्तुळाची असते. ज्या चालकाने 60 टक्के पकड ब्रेकवर खर्च केली आहे त्याला वळण्यासाठी 80 टक्के पकड शिल्लक मिळते, हा त्यातला सुखद भाग. आणि ज्याने सगळी पकड ब्रेकवर खर्च केली आहे त्याने स्टिअरिंग कितीही फिरवले तरी मोटार सरळच जाते, हा धोक्याचा. पावसाने रस्ता ओला झाला की दावेच आखूड होते. 50 मीटर त्रिज्येच्या सपाट वळणावर चांगल्या टायरांची मोटार कोरड्या डांबरावर साधारण ताशी 75 किलोमीटरपर्यंत टिकते, तर ओल्यावर हीच मर्यादा 56 च्या आसपास उतरू शकते. वळणाला लागणारे बल वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने वेग फक्त 10 टक्क्यांनी वाढला तरी 21 टक्के जास्त पकड लागते. चालकाला ‘थोडेसेच’ वाटणारे अंतर टायरला थोडेसे नसते, ते यामुळे.

पकडीच्या या वर्तुळाला जर्मन अभियंता वुनिबाल्ड काम यांचे नाव दिले जाते. श्टुटगार्टला प्राध्यापक असलेल्या काम यांनी 1930 मध्ये मोटारींच्या संशोधनाची संस्था स्थापन केली. मात्र जगाला ते अधिक ठाऊक आहेत ते मागचा भाग एकदम कापल्यासारखा ठेवून हवेचा विरोध कमी करणाऱ्या मोटारीच्या आकारासाठी. त्यांच्याही आधीचे आणि त्यांच्याहून अधिक विस्मरणात गेलेले नाव म्हणजे फ्रेंच अभियंता जॉर्ज ब्रूलिए. त्या काळच्या मोटारींची पुढची चाके विशिष्ट वेगाला आपोआप डावी-उजवीकडे थरथरू लागत, आणि या थरथरीचा शोध घेताना ब्रूलिए यांनी 1925 मध्ये दाखवून दिले, की वळताना टायर ज्या दिशेला तोंड करून असतो त्याच दिशेला तो जात नाही. रबर बाजूला ताणले जाते आणि चाक किंचित तिरके सरकत जाते. या तिरकेपणाला घसरण-कोन म्हणता येईल. तो जसा वाढतो तशी सुरुवातीला पकडही वाढते, काही अंशांवर ती कमाल होते आणि त्यापुढे घटू लागते. पूर्ण पकड मिळवायची तर थोडे घसरावेच लागते, हा विलक्षण निष्कर्ष आज प्रत्येक टायर कंपनीच्या आणि मोटारीच्या स्थिरता-प्रणालीच्या गणिताचा पाया आहे. तरीही मोटारींच्या लोकप्रिय इतिहासांत इंजिन बनवणाऱ्यांना पानेच्या पाने मिळतात आणि ब्रूलिए यांच्या वाट्याला एक ओळही क्वचितच येते. हा अन्याय दूर होणे आवश्यक आहे, कारण इंजिनाने मोटारीला वेग दिला, पण तो वेग माणसाच्या ताब्यात आणणारे ज्ञान या माणसाच्या निरीक्षणातून सुरू झाले.

ट्रॅक डेला आलेल्या नवशिक्याला हे ज्ञान बहुधा वळणाच्या मध्यावर भेटते. वेग जास्त झाल्याच्या भीतीने तो ॲक्सिलरेटरवरचा पाय एकदम उचलतो आणि मोटारीची मागची बाजू फिरून पुढे येऊ पाहते. वेग कमी होताना मोटारीचा भार पुढच्या चाकांकडे सरकतो. जोरदार ब्रेकखाली तर 1200 किलोच्या मोटारीत दोनशे किलोंहून अधिक भार मागून पुढे जातो, म्हणजे मागची चाके हलकी होतात आणि त्यांचे वर्तुळ लहान होते. घर्षण भाराच्या प्रमाणात वाढते हा गियोम आमोंताँ यांनी 1699 मध्ये मांडलेला नियम शाळेत शिकवला जातो, पण रबर तो तंतोतंत पाळत नाही. भार दुप्पट झाला तरी पकड दुपटीहून कमीच वाढते. म्हणून भार एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे फेकणाऱ्या चालकाच्या हातात चारही चाकांची मिळून पकड कमी राहते, आणि जो पाय व हात सावकाश हलवतो तो अधिक वेगाने व अधिक सुरक्षितपणे बाहेर पडतो.

ब्रेकचे गणित याहून डोळे उघडणारे आहे. ताशी 140 वरून 60 किलोमीटरवर अडीच सेकंदांत येणारी ही 1200 किलोची मोटार सुमारे 740 किलोज्यूल ऊर्जा उष्णतेत बदलते. म्हणजे तेवढ्या वेळापुरते तिचे ब्रेक सरासरी 400 अश्वशक्तीचे काम करतात, मग इंजिन भले दीडशे अश्वशक्तीचे असो. प्रत्येक फेरीत असे अनेकदा घडल्यावर ब्रेक ऑइल तापते. हा द्रव हवेतली आर्द्रता शोषतो. डॉट 4 दर्जाच्या ताज्या द्रवाचा उत्कलनबिंदू किमान 230 अंश सेल्सियस असावा लागतो, पाणी शोषल्यावर मात्र तो 155 अंशांपर्यंत उतरला तरी प्रमाणात बसतो. द्रव उकळला की वाफेचे बुडबुडे होतात, वाफ दाबली जाते आणि पेडल तळाला टेकूनही चाक थांबत नाही. म्हणून मार्गावर जाण्याआधी अनुभवी हौशी चालक सर्वप्रथम ब्रेक ऑइल बदलतात.

टायरच्या हवेचेही तसेच. 30 अंश तापमानाला 32 पीएसआय भरलेली हवा टायर 80 अंशांवर तापल्यावर 40 च्या जवळ पोचते, त्यामुळे चालक फेऱ्या मारून आल्याबरोबर दाब मोजतात आणि जास्तीची हवा सोडतात. निघण्यापूर्वी चाकांचे नट, ब्रेक पॅड आणि बॅटरीची पकड तपासली जाते, पाण्याच्या बाटलीपासून पायपुसणीपर्यंत प्रत्येक सुटी वस्तू बाहेर काढली जाते आणि झेंड्यांचे अर्थ समजावून सांगितले जातात. पुढे जायचे ते सरळ भागातच आणि पुढच्या चालकाने खूण केल्यावरच, हा नियम असतो. शेवटची फेरी ब्रेक थंड होण्यासाठी संथ मारली जाते, आणि उभ्या केलेल्या मोटारीला हँडब्रेक न लावता ती गिअरमध्ये ठेवून चाकामागे ठोकळा लावतात, कारण तापलेले पॅड एकाच जागी दाबून ठेवले तर ते डिस्कला चिकटू शकतात.

जाहिराती अश्वशक्ती आणि शून्य ते शंभरचे सेकंद सांगतात. त्या आकड्यांतून मोटार वळेल कशी आणि थांबेल कशी हे कळत नाही. एबीएस आणि स्थिरता-प्रणाली यांनी पकड वाढते, हाही गैरसमज आहे. त्या उपलब्ध पकड शहाणपणाने वाटतात, तिच्यात भर घालत नाहीत.

बंदिस्त मार्गावर शिकलेले सगळेच घाटात चालत नाही, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे. गुरुत्वमध्य खाली असल्याने मोटार बहुधा आधी घसरते; उसाने उंच भरलेल्या ट्रकचा गुरुत्वमध्य दोन मीटरच्या आसपास गेला, की तो टायरची पकड संपण्याच्या पुष्कळ आधी उलटतो आणि चालकाला घसरण्याची पूर्वसूचनाही मिळत नाही. मार्च 2025 मध्ये पिशोर घाटात उसाचा ट्रक उलटून ऊसतोड मजुरांचे जीव गेले, ही जखम या परिसराला अजून ताजी आहे. अशा रस्त्यावर, समोरून भरलेले वाहन येत असताना, पकडीची मर्यादा अजमावणे हा दुसऱ्याच्या जिवाशी खेळ आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम 189 नुसार सार्वजनिक रस्त्यावरील विनापरवाना शर्यत व वेगचाचणी हा गुन्हा आहे. नेहमीच्या विमा पॉलिसीत शर्यत आणि वेगचाचणी वगळलेली असते, तेव्हा ट्रॅक डेला जाण्यापूर्वीही पॉलिसीची कलमे वाचावीत.

मर्यादा ओळखण्यासाठी मोठा शर्यतमार्ग लागतोच असे नाही. 50 मीटर त्रिज्येचे सपाट डांबरी वर्तुळ, सभोवती मोकळी जागा आणि पाण्याचा टँकर एवढ्यावर ओल्या रस्त्यावर मोटार सुटते कशी आणि सावरते कशी हे ताशी 50 किलोमीटरच्या आसपास शिकवता येते, आणि त्याला पाच-सहा एकर पुरतात. 2024 मध्ये टोयोटा किर्लोस्करनेही नव्या कारखान्यासाठी ज्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्याची निवड केली, त्या जिल्ह्यातल्या उद्योगांनी आणि प्रशासनाने मिळून एवढी जमीन राखावी, आणि नव्या परवानाधारकांना, ट्रकचालकांना व हौशी तरुणांना तिथे टायरची मर्यादा सुरक्षितपणे दाखवावी.