पूर्ण गुण आणि उरलेले दोष

मराठीत ‘गुण’ हा शब्द दोन घरी नांदतो. परीक्षेत मिळतात ते गुण, आणि माणसाच्या किंवा वस्तूच्या अंगी असतात तेही गुणच. या दुसऱ्या घरी त्याच्या शेजारी ‘दोष’ कायमचा वस्तीला आहे. म्हणून तर आपण ‘गुणदोष’ असा जोडशब्द वापरतो. पहिल्या घरात मात्र दोषाला थारा नाही. शंभरपैकी शंभर मिळाले की चूक एकही नाही, असे आपण धरून चालतो. गणिताच्या उत्तरपत्रिकेपुरते ते ठीकच आहे. पण कादंबरी, चित्रपट किंवा व्हिडिओ गेम यांना कोणी दहापैकी दहा दिले, तर त्या दहांत दोष कोठे गेले, हा प्रश्न उरतोच.

व्हिडिओ गेमचे नाव या यादीत पाहून काही ज्येष्ठ वाचकांच्या कपाळाला आठी पडेल. ती पडू द्यावी. पण घरातील मुलामुलींना विचारावे. आज एखाद्या मोठ्या खेळाला चार-पाच हजार रुपये पडतात आणि तो पुरा करायला पन्नास-साठ तास सहज लागतात. पैसे देणारे आईवडील किंवा आजोबा स्वतः खेळत नाहीत. त्यांच्यापुढे मुलगा एकच पुरावा ठेवतो : ‘याला दहापैकी दहा मिळालेत.’ खरेदी पुष्कळदा त्या आकड्यावरच ठरते. म्हणून सदोष खेळाला पूर्ण गुण द्यावेत काय, या वादात घरच्या खर्चाचाही प्रश्न आहे.

या वादाचे उत्तम उदाहरण जपानात सापडते. तेथे १९८६ मध्ये सुरू झालेल्या ‘फॅमित्सू’ या नियतकालिकाची गुण देण्याची रीत प्रसिद्ध आहे. चार समीक्षक एकच खेळ खेळतात, प्रत्येक जण दहापैकी गुण देतो आणि चाळिसांपैकी बेरीज छापली जाते. बारा वर्षे एकाही खेळाला चाळीस मिळाले नाहीत. १९९८ मध्ये ते प्रथम मिळाले निन्टेन्डो कंपनीच्या ‘द लिजेंड ऑफ झेल्डा : ऑकरिना ऑफ टाइम’ या खेळाला. निरनिराळ्या नियतकालिकांच्या गुणांची सरासरी काढणारे ‘मेटाक्रिटिक’ नावाचे एक संकेतस्थळ २००१ पासून चालू आहे. त्याच्या यादीत हाच खेळ शंभरपैकी ९९ गुण घेऊन बसला आहे.

मग हा खेळ निर्दोष होता काय? मुळीच नाही. त्यात पाण्याखालचे एक मंदिर आहे. तळाशी जायचे तर नायकाने लोखंडी बूट घालायचे, वर यायचे तर काढायचे. हे बूट घालण्या-काढण्यासाठी दर वेळी खेळ थांबवून यादीचे पान उघडावे लागे, बूट निवडावे लागत आणि पान मिटून पुन्हा खेळात यावे लागे. त्या एका मंदिरात हा उद्योग इतक्या वेळा करावा लागे की जगभरच्या खेळाडूंनी त्याला नावे ठेवली. आणखी एक घुबड आहे. ते वाटेत गाठून लांबलचक उपदेश करते आणि शेवटी ‘समजले ना?’ असे विचारते. कंटाळून घाईघाईने कळ दाबावी, तर उत्तर ‘नाही’ असे जाते आणि उपदेश पहिल्यापासून सुरू होतो. (अशी वडीलधारी मंडळी आपल्याही घरांत आहेत, पण त्यांना गुण देण्याची प्रथा नाही.) पडद्यावरचे चित्रही सेकंदाला अवघे वीस वेळा बदले, म्हणजे साध्या चित्रपटाहूनही कमी.

समीक्षकांना हे दिसले नाही असे नाही. तरीही त्यांनी पूर्ण गुण दिले, कारण मोकळ्या त्रिमित जगात शत्रूवर नजर खिळवून लढावे कसे आणि कॅमेऱ्याने नायकाच्या मागे राहावे कसे, या प्रश्नांना या खेळाने दिलेली उत्तरे पुढे सगळ्यांनी उचलली. याची गंमत तेरा वर्षांनी दिसली. २०११ मध्ये हाच खेळ लहान हातयंत्रासाठी नव्याने काढण्यात आला. चित्र सफाईदार झाले, बूट एका कळीवर आले, मंदिरातला जाच संपला. या सुधारलेल्या आवृत्तीला मेटाक्रिटिकवर मिळाले ९४. दोष होते तेव्हा ९९ आणि गेल्यावर ९४! परीक्षेच्या हिशेबाने हे हास्यास्पद आहे. पण १९९८ मध्ये जे नवे होते ते २०११ मध्ये परिचयाचे झाले होते, एवढे ध्यानात घेतले की त्यात विसंगती राहत नाही. ते गुण दोषांच्या वजाबाकीने आलेलेच नव्हते.

क्रीडाक्षेत्राला हा पेच आधीच पडला होता. १८ जुलै १९७६ रोजी मॉन्ट्रियलच्या ऑलिंपिकमध्ये रुमानियाच्या चौदा वर्षांच्या नादिया कोमानेचीने असमान उंचीच्या दांड्यांवरील कसरतीत दहापैकी दहा मिळवले. फलकावर दहा दाखवण्याची सोयच नव्हती, म्हणून तेथे १.०० असा आकडा झळकला. पुढे असे दहा वरचेवर मिळू लागले आणि अवघड कसरत करणारा व सोपी पण सफाईने करणारा यांत भेद करणे जड जाऊ लागले. अखेर २००६ पासून जिम्नॅस्टिक्सने गुणांची दोन खाती पाडली. एक काठिण्याचे, त्याला वरची मर्यादा नाही; दुसरे सफाईचे, ते दहापैकी. पडझड झाली तर दुसऱ्या खात्यातून कापले जाते, पहिल्यातील साहस कायम राहते.

व्हिडिओ गेमच्या समीक्षेने ही दोन खाती कधी वेगळी केली नाहीत, आणि माझ्या मते बहुतेक भांडणाचे मूळ येथेच आहे. ‘स्कायरिम’ हा अमेरिकी खेळ पाहावा. तो ११ नोव्हेंबर २०११ रोजी आला आणि ‘फॅमित्सू’ने त्यालाही चाळीसपैकी चाळीस दिले, पाश्चात्य खेळाला हा मान प्रथमच मिळत होता. वाटेल त्या डोंगराकडे चालत सुटावे आणि तेथे काहीतरी पाहण्यासारखे सापडावे, असे ते अफाट जग होते. त्या जगात राक्षसाचा सोटा बसला की माणूस थेट आभाळात उडे. निर्मात्यांनी मौज म्हणून ती चूक तशीच ठेवली. महिन्याभरात दुरुस्ती म्हणून जो सुधारित भाग पाठवला, त्याने काही ठिकाणी ड्रॅगन उलटे, शेपटीच्या दिशेने उडू लागले. येथवर हसण्यावारी नेता येते. परंतु प्लेस्टेशन ३ या यंत्रावर ज्यांनी खेळ घेतला, त्यांच्यापैकी अनेकांचा जतन केलेला खेळ जसजसा मोठा होत गेला, तसतसा तो अडखळू लागला आणि पुढे खेळवेनासा झाला. काठिण्याच्या खात्यात या खेळाला कितीही गुण द्यावेत. सफाईच्या खात्यात पूर्ण गुण कसे देता येतील?

आपल्या साहित्यशास्त्रात या प्रश्नावर पुष्कळ शाई खर्च झालेली आहे. मम्मटाने काव्याचे लक्षण सांगताना शब्द आणि अर्थ ‘अदोष’ असावेत अशी अट घातली. चौदाव्या शतकात विश्वनाथाने ‘साहित्यदर्पणा’त तिची खिल्ली उडवली. निर्दोषच हवे म्हटले तर काव्य क्वचितच सापडेल किंवा सापडणारच नाही, असा त्याचा आक्षेप. किड्याने भोक पाडलेले रत्न हेही रत्नच, त्याचे रत्नपण जात नाही, असा त्याने दाखला दिला. पूर्ण गुणांच्या कैवाऱ्यांना हा दाखला आवडेल. पण तो त्यांना अर्धाच उपयोगी आहे. रत्नपण जात नसले तरी मोलात फरक पडतो, हेही विश्वनाथ तेथेच सांगतो.

त्याच्याही आधी, नवव्या शतकात, आनंदवर्धनाने अधिक सूक्ष्म भेद केला होता. काही दोष अनित्य असतात. कानाला खुपणारी कठोर अक्षरे शृंगारात दोष ठरतात, रौद्रात नाही. हा भेद व्हिडिओ गेमला अगदी चपखल बसतो. २०१७ मध्ये झेल्डा मालिकेतलाच ‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’ हा खेळ आला. त्यात तलवार काही घाव घातले की मोडते. कोणाला हे असह्य वाटते. पण तलवारी मोडतात म्हणूनच खेळाडू नवी शस्त्रे, नव्या युक्त्या शोधत हिंडतो. हा अनित्य दोष. समीक्षकाने तो दोष मानावा किंवा मानू नये, दोन्ही प्रामाणिकपणे करता येते. बहुतेकांनी मानला नाही. खेळाची सरासरी ९७ झाली. एका समीक्षकाने मानला आणि दहापैकी सात दिले. सात म्हणजे वाईट नव्हे. परंतु संतापलेल्या चाहत्यांनी त्याच्यावर शिव्यांचा भडिमार केला आणि कोणी तरी त्याच्या संकेतस्थळावर खोट्या मागण्यांचा एवढा मारा केला की ते बंद पडले. त्याचा गुन्हा एवढाच की त्याच्या सातांमुळे सरासरी एका अंकाने उतरली होती.

या माराहाणीमागे एक जुना रोग आहे. या क्षेत्रात दहांची मोजपट्टी असली तरी वापर होतो तो सातांपासून वरच्या भागाचा. आपल्याला हे नवे नाही. साठ टक्के म्हणजे प्रथम वर्ग म्हणून पेढे वाटणारी पिढी अजून हयात आहे, आणि त्याच घरात आज नव्वद टक्के मिळवून मुलगी रडत बसते.

आकडा समीक्षकाच्या हातून सुटला की तो कोठवर जातो, याचे उदाहरण बोचणारे आहे. ‘फॉलआउट : न्यू वेगास’ हा खेळ कॅलिफोर्नियातील ऑब्सिडियन या संस्थेने रचला आणि ऑक्टोबर २०१० मध्ये तो प्रसिद्ध झाला. आला तेव्हा चुकांनी बुजबुजलेला होता, तरी त्यातील कथेची आणि निवडींच्या परिणामांची वाखाणणी झाली. २०१२ मध्ये त्या संस्थेचे ख्रिस अव्हेलोन यांनी जाहीरपणे सांगितले की मेटाक्रिटिकवर किमान ८५ झाले तरच संस्थेला बोनस मिळणार होता. झाले ८४. कोणा समीक्षकाने चुकांपोटी अर्धा गुण कापताना आपण कोणाच्या मिळकतीवर पेन चालवत आहोत, हे त्याला ठाऊक असणे शक्यच नव्हते. उद्या ते ठाऊक झाल्यावर त्याने दयेपोटी गुण वाढवावेत काय? नाही. करार चुकीचा होता. त्याची भरपाई वाचकाने का करावी?

आता वाचकाकडे वळू. पोलंडच्या सीडी प्रोजेक्ट या कंपनीचा ‘सायबरपंक २०७७’ हा बहुप्रतीक्षित खेळ १० डिसेंबर २०२० रोजी बाजारात आला. त्याआधी समीक्षकांच्या हाती फक्त संगणकावरची आवृत्ती देण्यात आली होती, आणि परीक्षणात स्वतः टिपलेली दृश्ये दाखवायला बंदी होती. शक्तिमान संगणकावर खेळ पुष्कळसा नीट चालला. काहींनी पूर्ण गुणही दिले. लक्षावधी लोकांनी मात्र तो जुन्या प्लेस्टेशन ४ आणि एक्सबॉक्स वनसाठी घेतला होता. तेथे चित्रे पुसट, माणसे हवेत तरंगणारी आणि खेळ वरचेवर बंद पडणारा. संगणकाच्या आवृत्तीची सरासरी ८६, प्लेस्टेशन ४ ची ५७. कंपनीला क्षमा मागून पैसे परत देण्याची तयारी दाखवावी लागली. १८ डिसेंबरला सोनीने तो खेळ आपल्या दुकानातून काढून टाकला. तो परतला २१ जून २०२१ रोजी.

लोखंडी बुटांचा जाच आणि हा प्रकार यांना एकाच ‘दोष’ शब्दात बसवणे मला मान्य नाही. बुटांचा दोष ज्याने खेळ घेतला त्या प्रत्येकाला सारखाच भेटला, आणि समीक्षकालाही भेटला. त्याने तो सोसून, तोलून, तरीही दहा दिले. हा त्याचा अधिकार आहे. मोठ्या कलाकृतीवर जीव जडला तर तो तसे जाहीर करतो, आणि त्या दहांचा अर्थ ‘हे चुकवू नका’ एवढाच असतो. सायबरपंकचा दोष समीक्षकाला दाखवलाच गेला नव्हता, आणि पैसे गेले ते ज्यांना दोष भेटला त्यांचे. न पाहिलेल्या आवृत्तीला आपले गुण चिकटू देणे म्हणजे न वाचलेल्या उत्तरपत्रिकेवर सही करणे होय. तेथे समीक्षकाने आकडा राखून ठेवायला हवा होता. काही जणांनी नंतर निराळ्या आवृत्तीचे निराळे परीक्षण लिहिलेही, पण तोवर खरेदी झालेली होती.

त्यात आणखी एक गुंतागुंत आहे. छापून बांधलेले पुस्तक विकल्यावर बदलत नाही. हे खेळ बदलतात. सायबरपंकची दुरुस्ती वर्षानुवर्षे चालू राहिली, सप्टेंबर २०२३ मध्ये त्याची बरीचशी यंत्रणा नव्याने रचली गेली, आणि ज्यांनी तो रागाने बाजूला टाकला होता त्यांच्यापैकी अनेक जण परत आले. २०२० चे गुण मात्र अजून तेथेच आहेत, जो खेळ त्या रूपात आता कोणाला विकतही मिळत नाही, त्याच्या नावावर.

या साऱ्याला कंटाळून ‘युरोगेमर’ या ब्रिटिश संकेतस्थळाने फेब्रुवारी २०१५ मध्ये दहापैकी गुण देणेच बंद केले. बदलत्या खेळाला एक गोठलेला आकडा न्याय देत नाही, हे त्यांचे एक कारण. त्यांनी ‘अवश्य घ्यावा’, ‘शिफारस’, ‘टाळावा’ अशा शेऱ्यांवर काम चालवले. आठ वर्षे ते टिकले. २०२३ मध्ये त्यांनीही पाच ताऱ्यांची पद्धत सुरू केली.